घाणा तुंबतो, तो दोष कोणाचा?

पावसाळी भुईमूग निघाला कीं जुन्नर-आंबेगांवचा शेतकरी कांहीं शेंगा बाजारांत घालतो व कांहीं घरच्या तेलासाठीं गिरणीवर नेतो. तेथें मळसूत्री घाणा, म्हणजे एक्स्पेलर, मध्येंच तुंबला कीं आपण गिरणीवाल्यास दोष देतों आणि गिरणीवाला यंत्रास. आमच्या मतें यांतील पुष्कळसा दोष आपल्याच पोत्यांत असतो.

या यंत्राची रचना साधी आहे. पोलादी पट्ट्यांच्या पिंजऱ्यांत मळसूत्राचा दांडा फिरून दाणा पुढें ढकलतो. पुढें जागा कमी होत जाते, दाब वाढतो, तेल फटींतून गळतें व पेंड शेवटच्या चिंचोळ्या तोंडांतून बाहेर पडते. मात्र दाण्यानें पिंजऱ्याची कड धरली पाहिजे. ओलसर दाण्याचा कणकेसारखा गोळा होऊन तो दांड्याबरोबर नुसता गरगर फिरतो आणि तेलाऐवजीं गाद फटींतून येते. फार कोरड्या दाण्याचें पीठ होऊन तें घट्ट बसतें व मोटारीवर भार पडतो. म्हणून दाण्यांत शेंकडा ५ ते ७ ओल असावी, व निवळ सोललेल्या दाण्यांत थोडीं टरफलें मिसळावीं. त्यांनीं पकड येते. खडा किंवा खिळा गेल्यास तर मळसूत्राची धारच तुटते.

परतीच्या पावसांत भिजलेल्या शेंगा नीट न वाळवतां पोत्यांत भरणें हा केवळ यंत्राचा प्रश्न नव्हे. अशा शेंगेवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होऊं शकतें. तें यकृतास घातक असून बहुतांशीं पेंडींत राहतें, आणि ती पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधांत त्याचा अंश उतरतो. दुधावर ज्यांचा संसार चालतो त्यांनीं याचा विचार करावा.

गिरणीवाल्याकडेही कांहीं कर्तव्य आहे. आरंभीं पेंडीचें तोंड सैल ठेवून पिंजरा तापूं द्यावा, दाणा थोडा थोडा घालावा, व घाणा बंद करण्यापूर्वीं आंतील माल काढून टाकावा. थंड झालेली पेंड दगडासारखी बसते. झिजलेलें मळसूत्र बदलण्यांत कंजूषपणा करूं नये. आणि घाणा अडला असतां फिरत्या यंत्रांत हात किंवा पहार घालणें म्हणजे बोटें गमावण्याची तयारी होय. प्रथम वीज तोडावी, पट्टा उतरवावा, मगच पिंजरा उघडावा.

आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें चाळण, लोहचुंबक व ओल मोजण्याचें यंत्र सर्वांसाठीं ठेवावें. दाणा चाळून, वाळवून व मोजूनच गिरणीवर न्यावा. तसें केल्यावरही घाणा तुंबला, तर मात्र गिरणीवाल्यास जाब विचारण्याचा आपला हक्क निर्विवाद राहील.