आनंदीबाईंचा अर्ज पाहा



परदेशी कॉलेजांच्या प्रवेशनिबंधाला नाट्यमय सुरुवात आणि भारदस्त शब्द हवेतच, असा सल्ला गेल्या अंकातील पत्रात आहे. आमच्या सिविल लाइंसमधल्या बारावीच्या मुलांचे निबंध आता आणखी फुगणार!

अमेरिकी कॉलेजांच्या ‘कॉमन ॲप’ या सामायिक अर्जातल्या निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते. नमनालाच घडाभर तेल गेलं, तर पुढे उरतं काय?

त्याऐवजी आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला केलेला अर्ज पाहावा. वय अवघं १८. प्रवेशाच्या सगळ्या अटी पूर्ण होत नसतील, हे त्यांनी झाकलं नाही. स्नेह्यांचा आणि जातीचा विरोध पत्करून आले आहे, पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा मरण बरं मानणाऱ्या देशभगिनींसाठी शिकायचं आहे, एवढं सरळ मांडलं. प्रवेश मिळाला, १८८६ मध्ये पदवीही. अर्थात त्यांच्या अमेरिकेतल्या यजमान कार्पेंटरबाईंचा आधार आणि डीन रेचल बॉडली यांची सहानुभूती होतीच. नुसत्या शैलीने दार उघडलं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल.

शैली निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने मजकूर घरी मराठीत सांगून पाहावा. आजी जिथे ‘म्हणजे काय रे?’ विचारेल, ते वाक्य बदलावं.

— एक वाचक, सिविल लाइंस, जयपूर