काळा वर्ण हा रोग नव्हे

सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात सध्या एक नवी भाषा बोलली जात आहे : 'लिंबाचे तेल, दालचिनीचे तेल, सारे वनस्पतिजन्य, याने मुलगी उजळेल.' रसायनांना भिणारी माता 'नैसर्गिक' या शब्दाला भुलते व कष्टाचा पैसा एका लहानशा बाटलीवर घालविते. या भूलथापेत तथ्य किती, हे तुम्ही नीट पारखून घ्या.

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य टायरोसिनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने तयार होते. दालचिनीच्या तेलातील सिनॅमाल्डिहाइड प्रयोगशाळेतील पेशींमध्ये या विकराला अटकाव करते, हे खरे. परंतु काचेच्या बशीतील पेशी म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे. तेच द्रव्य काहींच्या त्वचेचा दाह करते, ॲलर्जी घडविते, हेही तितकेच खरे. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गॅप्टेन असते. असे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. सावळ्या त्वचेवर दाहानंतरचे डाग अधिक ठळक उठतात व दीर्घकाळ टिकतात. म्हणजे उजळण्यासाठी पैसे मोजावयाचे आणि डाग विकत घ्यावयाचे! शेतात वा बांधकामावर दिवसभर उन्हात राबणाऱ्या भगिनींनी याचा विशेष विचार करावा.

ज्या मेलॅनिनचा एवढा तिरस्कार, तेच सूर्याच्या अतिनील किरणांपासून कातडीचे रक्षण करते. ते घडविणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. मग उच्चनीचता कोठून आली?

१९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झाले. पाटी बदलली, मने बदलली काय? 'ब्राह्मण तेवढे गौरवर्ण, इतर सारे काळे' हा दावा अस्सलायन सुत्तात भगवान बुद्धांपुढे मांडला गेला आणि त्यांनी तो खोडून काढला. तोच दावा बाटलीत बंद होऊन आपल्या दारी आला, तर त्याला घरात घेणारे आपणच ठरू.

म्हणून मुलीला 'काळी' म्हणून हिणवू नका. चेहऱ्यावर डाग उठल्यास त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा. तेले चोळीत बसू नका. आणि सून पाहावयास जाल तेव्हा तिचे शिक्षण विचारा, तिचा स्वभाव जाणून घ्या. तिचा वर्ण मोजू नका.