पोंगा दिसतो, अळी दिसत नाही

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर या आठवड्यात एक फोटो फिरला. धानाच्या पानावर मुंगीहूनही बारीक काळी माशी आणि खाली हुकूम: ‘नवीन कीड, ताबडतोब फवारा.’ भंडाऱ्याच्या बांध्यांत ती नवीन नाही आणि कीडही नाही. ती प्लॅटिगॅस्टर, गादमाशीचा काळ.

गादमाशी डासासारखी, लालसर पोटाची, दोन पंखांची. तिची अळी फुटव्याच्या कोंबापर्यंत सरपटत जाते आणि धानाकडूनच घर बांधून घेते. पान उमलायचं सोडून कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी वर येते, तोच पोंगा. त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. ना अर्ज, ना हप्ता. घरकुलासाठी पंचायत समितीचे उंबरे झिजवणाऱ्यांनी हेवा करावा.

प्लॅटिगॅस्टर त्या घरात चोरपावलांनी शिरते. गांधीलमाशीची ही चार पंखांची चिमुकली नातलग गादमाशीच्या अंड्यातच आपलं अंडं ठेवते. अळी जन्मते, कोंब गाठते, पोंगाही उभा करते आणि मग आतून पोखरली जाऊन संपते. त्या एका अळीतून प्लॅटिगॅस्टरची अख्खी पलटण बाहेर पडते. म्हणजे हा फुटवा गेलाच. वाचतात ते पुढचे. या उशिरानेच ती बदनाम झाली.

उंबरात तर घर बांधणारी आणि घर लुटणारी, दोघी गांधीलमाशीच्याच गोतातल्या. एक आत शिरून फुलाची गाठ करते, दुसरी बाहेरूनच लांब सुई खुपसून त्या गाठीत आपली अंडी सोडते. भाऊबंदकी माणसांनीच शोधली असं समजू नये.

गादमाशीवर टाकलं जाणाऱ्या फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, पण ‘दाणेदार टाका’ हे पालुपद सुटत नाही. शंभर फुटव्यांत पाच पोंगे होईपर्यंत औषधाची घाई नको, हे कृषी शास्त्रज्ञ किती वर्षं सांगताहेत. रोवणीनंतर दहा दिवसांनी दर १० चौरस मीटरला प्लॅटिगॅस्टर असलेला एक पोंगा ठेवा, हीदेखील त्यांचीच शिफारस. आपल्याकडे मात्र पोंगे उपटून सरसकट जाळतात, मित्रासकट.

तेव्हा जाळण्याआधी दोन-चार पोंगे उभे चिरून पाहा. आत जिवंत, लालसर अळी असेल तर खुशाल जाळा. मेल्या अळीच्या कातड्यात दाटीवाटीने बारीक कोष दिसले, तर बाकीचे पोंगे बांधीतच राहू द्या.