पाहुणे आणि पासवर्ड

परवा मावसभाऊ आला. चप्पल काढता काढताच, "दादा, वायफायचा पासवर्ड?"

अँड्रॉइड १० पासून (२०१९) फोनच क्यूआर कोड दाखवतो, त्यामुळे सोळा अक्षरं ओरडून सांगायची कटकट गेली. (आईने तर पासवर्ड कॅलेंडरवर लिहून ठेवला होता!) पण गंमत अशी की त्या कोडमध्ये पासवर्ड उघडाच असतो. पाहुणा घरी गेला तरी तो त्याच्या फोनमध्ये राहतो, आणि पुढे कोणालाही तसाच देता येतो. माझा ऑफिसचा लॅपटॉपही त्याच नेटवर्कवर!

म्हणून मी राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू केलं आणि त्याचाच कोड फ्रिजवर चिकटवला. त्यावरून सहसा घरातली बाकी यंत्रं दिसत नाहीत. मावसभाऊ म्हणाला, "हा तर पंक्तिप्रपंच झाला, दादा!" असेना का. नेट तर मिळालं ना.