माप घ्यायचं ते मे महिन्यातल्या कुत्र्याचं

बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या पट्ट्यात कुत्रा नसलेली वस्ती सहसा सापडत नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं, दोन-चार शेरडं आणि राखणीला कुत्रा. हंगाम संपून, पट्टा पडून माणसं परत येईपर्यंत वस्ती त्याच्याच भरवशावर असते. त्याच्या निवाऱ्याचं माप मात्र कुणी घेतलेलं नसतं. उरलेला पत्रा आणि चार विटा उभ्या केल्या की झालं त्याचं घर.

कुत्र्याचं घर केवढं असावं, याचा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो मुळात थंड मुलखातला आहे. घर बेताचंच ठेवा, म्हणजे कुत्र्याच्या अंगच्या उबेवर ते गरम राहील, असा तो सल्ला. बर्फ पडतो तिथे तो बरोबरच आहे. बीडमध्ये मात्र एप्रिल-मेला पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच 38-39 अंश असतं आणि माणसासारखा त्याला अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, त्या ओलाव्यावर अंग निववतो. कोंदट घरात त्याचाच गरम, दमट श्वास भोवती साचतो आणि धापा टाकूनही आराम पडत नाही. वर तापलेला पत्रा असेल तर ते घर म्हणजे भट्टीच.

नेमकं माप कुत्रा स्वतःच दाखवतो. पौषातल्या पहाटे तो नाक शेपटीखाली घालून गोल वेटोळं करतो. वैशाखात तोच कुत्रा रांजणाखालची ओली माती पंजांनी उकरतो आणि चारी पाय ताणून आडवा होतो. आपल्याकडे घर बांधायचं ते या दुसऱ्या मापाचं.

टेप घ्या. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजा आणि त्यात पाव भाग मिळवा. ही झाली लांबी. कुत्रा बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजा, त्यातही पाव भाग मिळवा, ही उंची. कुशीवर झोपल्यावर पाठीपासून पंजापर्यंत जेवढं भरेल त्याहून थोडी जास्त रुंदी, म्हणजे आत वळताही येतं. एखादा गावठी कुत्रा लांबीला 36 इंच आणि बसून 26 इंच भरला, तर घर पावणेचार फूट लांब, पावणेतीन फूट उंच आणि अडीच फूट रुंद हवं. दार खांद्याच्या उंचीचं किंवा किंचित कमी, थोडं वाकून आत जाता येईल असं. पिल्लू आणलं असेल तर त्याचं आजचं माप धरू नका; त्याच्या आईकडे बघा.

मोठ्या घरात हिवाळ्यात गारठा लागेल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे. आत फळी आडवी लावून जागा निम्मी करा, खाली वाळलेलं सरमाड अंथरा, दाराला गोणपाट सोडा. कारवानसारख्या सडपातळ, आखूड केसांच्या कुत्र्याला तर हे हवंच. मोठं घर थंडीपुरतं लहान करता येतं, पण लहान घर उन्हाळ्यात वाढवता येत नाही.

बाकीच्या गोष्टी आपल्या जुन्या माणसांना सांगायला नकोत. माळवदाची घरं थंड राहायची ती जाड मातीमुळे. पत्राच घालायचा असेल तर त्यावर कडब्याचा जाड थर हवा आणि पत्र्याखाली वारा खेळायला फट हवी. जागा लिंबाखालची, दार उगवतीला. म्हणजे दुपारचं ऊन आणि पावसाळी वाऱ्याची झड दोन्ही पाठीवर जातात. जोतं वीतभर उंच. छप्पर उचलता येईल असं, कारण गोचीड फटींत दडतात आणि चुना तिथवर पोचायला हवा.

आष्टीकडच्या वाचकांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 2020 च्या नोव्हेंबरात त्या तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, ती दहशत कुणी विसरलेलं नाही. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. म्हणून रात्री त्याला त्याच्या या घरात घ्या, दाराला मजबूत जाळी आणि बाहेरून कडी लावा. दार बंद राहणार म्हटल्यावर आतली जागा ऐसपैस असणं आणखीच गरजेचं ठरतं.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं 11 वं कलम पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात जनावर कोंडणं गुन्हा ठरवतं. फार आखूड साखळीने ते बराच काळ बांधून ठेवणंही त्यात येतं, आणि सदा बांधलेल्या कुत्र्याला मोकळं न फिरवणाऱ्या मालकाचा तर वेगळा उल्लेख आहे.

चार जुन्या फळ्या, थोडी माती, पेंढीभर कडबा आणि एक दुपार, एवढ्यात हे काम होतं. जो रात्रभर आपल्या दारात जागतो, त्याला दिवसा पाय ताणून झोपता येईल एवढी जागा देणं हा उपकार नाही, ती त्याची मजुरी आहे. टोळी निघण्याआधी उचल घेतली जाते, बी-बियाण्याचा हिशोब होतो. त्याच दिवसांत ही मजुरीही चुकती करा.