'दारुड्याचा आजार' म्हणून मोकळे होऊ नका



आमच्या तालुक्यातला एक कार्यकर्ता सहा महिने पोटदुखीने हैराण होता. वरच्या पोटातली कळ थेट पाठीत जायची. गावात ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, सुया झाल्या. शेवटी जिल्ह्याच्या गावी रक्त तपासले, सोनोग्राफी केली, तेव्हा कळले की स्वादुपिंडाला सूज आहे. तोवर गावात बोभाटा झाला होता, 'पीत असणार!' माळकरी माणूस, दारूला कधी शिवला नाही. त्याच्या पित्ताशयात खडे होते.

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण आकडे वाचायची सवय आहे, म्हणून या आजाराचे आकडे पाहिले. जगात १९९० साली स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेचे सुमारे १७ लाख नवे रोगी होते. २०१९ साली ते २८ लाखांवर गेले आणि त्या एका वर्षात सुमारे १ लाख १५ हजार माणसे दगावली. वयाचा फरक काढून दर लाखी प्रमाण पाहिले तर ते मात्र थोडे घटलेले दिसते. हेक्टरी उतारा घटला तरी पेरा वाढला की एकूण माल वाढतो, तसाच हा हिशेब. लोकसंख्या वाढली, म्हातारी माणसे वाढली, रोगी वाढले. 'प्रमाण कमी झाले' म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. दवाखान्याच्या दारात माणूस येतो, प्रमाण येत नाही.

पित्ताचे खडे आणि दारू ही या आजाराची जगभरातली दोन मुख्य कारणे. पूर्व युरोपात दारूमुळे त्याचा जोर फार आहे. आपल्याकडेही दारू वाढते आहे, तिला मी सूट देत नाही. पण २००८ साली देशातल्या १,०८६ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. हे सगळे स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेचे रोगी. त्यांत दारू हे कारण शंभरात ३९ जणांचे. सुमारे ६० जणांत कारण सापडलेच नाही. म्हणजे दर पाचांत तिघांना गाव उगाच दारुडा ठरवणार!

दारू नाही तर ताटावर ठपका. केरळात तरुण वयातच स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह जडलेले गरीब रोगी डॉक्टरांना दिसले. गरिबांच्या ताटात टॅपिओका होता, म्हणून तोच आरोपी ठरला. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा. १९४२ साली ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला तेव्हा याच कंदाने त्रावणकोरची माणसे जगवली. कच्च्या कंदात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते हे खरे. पण आफ्रिकेत हा कंद भरपूर खातात, तिथे हा रोग त्या मानाने दिसत नाही. आणि आपल्याकडे जिथे तो खात नाहीत, तिथेही रोग आहेच. उंदरांना महिनोन्महिने खाऊ घातला, तरी रोग झाला नाही. पुढे अनेक रोग्यांच्या एका जनुकातच बदल सापडला. पीक सुटले, पण त्याची बदनामी आधीच झाली होती. पीक बुडाले की आधी शेतकऱ्याला अडाणी ठरवायचे, मातीची तपासणी मागाहून, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

तीव्र सूज आलेल्यांपैकी बहुतेक रोगी वेळेवर सलाईन, वेदनाशामक आणि देखरेख मिळाली तर आठवडाभरात उठतात. बिघडलेला रोगी अतिदक्षता विभागात जातो आणि घरची जनावरे बाजारात जातात. जुनाट आजारात पचनाच्या कॅप्सूल आणि इन्सुलिन आयुष्यभर मागे लागते.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव व्हावा. एक, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लायपेजची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी रोज मिळावी. दोन, खड्यांमुळे सौम्य सूज आलेल्याचे पित्ताशय त्याच मुक्कामात काढावे. 'नंतर या' म्हणून घरी धाडले की कळ पुन्हा येते. तीन, जुनाट रोग्याला कॅप्सूल आणि इन्सुलिन सरकारी दवाखान्यातून फुकट मिळावे.

आणि एक काम आपले. पोटातली कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेजाऱ्याला असे झाले तर तो पितो का, हे विचारण्याआधी गाडी काढा.