वंशावळीचा कागद कुणाच्या बापाचा?

क्रांतीला लेकी असतात आणि त्या लेकींना रक्ताचा दाखला लागतो, हे तुम्हाला माहीत आहे काय? अमेरिकेत आहेत अशा लेकी. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ हे त्यांच्या संस्थेचं नाव. म्हणजे अमेरिकन क्रांतीच्या कन्या. स्थापना १८९०, मुक्काम वॉशिंग्टन, सभासद पावणेदोन लाखांच्या वर. पुत्रांचीही एक संस्था आहे, ती एक वर्ष आधीची, १८८९ ची. आत शिरायची मुख्य अट एकच. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात तुमचा कुणीतरी पूर्वज अमेरिकेच्या बाजूनं उभा होता, हे सिद्ध करा. तोंडानं सांगून भागत नाही. तुमच्यापासून त्या पूर्वजापर्यंत एकेक पिढी कागदानं जोडावी लागते. जन्माची नोंद, लग्नाची नोंद, मरणाची नोंद. आजी, पणजी, खापरपणजी. एक कडी निसटली की अर्ज अडला. दत्तक घेणाऱ्या आईबापाचा वंशही चालत नाही. रक्तच पाहिजे.

पूर्वजानं बंदूक चालवलीच पाहिजे असं मात्र नाही. सैन्याला धान्य पुरवलं, निष्ठेची शपथ घेतली, तरी चालतं. म्हणजे धान्याची पोती देणाऱ्या जमीनदाराची खापरपणती क्रांतीची कन्या ठरते. ते धान्य पिकवलं कुणी? ती पोती पाठीवर वाहिली कुणी? ह्या प्रश्नाला अर्जात रकाना नाही.

मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. मॅट्रिक झालो, कविता लिहितो आणि पाठीवर पोट भरतो. ह्या कामानं मला कागदाची जात शिकवली. बोटीतून माल उतरतो तेव्हा खोक्याखोक्याचा कागद असतो. कुठून आलं, वजन किती, मालक कोण, सगळं लिहिलेलं. उतरवणाऱ्याचं नाव त्या कागदावर कुठंच नसतं. शंभर वर्षांनी कुणी ते दप्तर उघडलं तर त्याला खोकं सापडेल, मी सापडणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं ह्याहून भयंकर झालं. तो ओझं वाहणाराही होता आणि खोकंही होता. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली गेली. त्या यादीत मालकाचं नाव आहे. त्याच्याखाली वय, स्त्री की पुरुष, काळा की मिश्र, एवढंच. गुलामाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली आणि १८७० च्या जनगणनेत ही लाखो माणसं पहिल्यांदा स्वतःच्या नावानिशी उगवली. आपला वंश शोधणारा काळा माणूस मागं मागं जात १८७० पर्यंत येतो आणि तिथं भिंतीवर आपटतो. भिंतीपलीकडं जायचं तर मालकाचं दप्तर उघडावं लागतं. मृत्युपत्र, विक्रीखत, कर्जाचं तारण, वाटणीची यादी. बैल, नांगर, खाटा, आणि त्यांच्याच रांगेत आपली पणजी. किंमत डॉलरमध्ये.

आणि ह्या माणसाला विचारायचं, दाखव तुझा वंश!

आता कुणी म्हणेल, त्या लढाईत काळे नव्हतेच, तर त्यांचे वारस कुठून येणार? साफ खोटं. ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये इंग्रज शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, त्यात पडलेल्यांपैकी क्रिस्पस ॲटक्स हा काळ्या आणि आदिवासी रक्ताचा होता. १७७८ साली ऱ्होड आयलंडनं कायदाच केला, की जो गुलाम फौजेत भरती होईल तो मोकळा. मालकांना त्यांच्या ‘मालाची’ भरपाई सरकारनं दिली. अमेरिकेच्या बाजूनं लढलेल्या काळ्यांचा आकडा इतिहासकार निदान ५,००० तरी धरतात. रक्त सांडताना रंग आड आला नाही. नोंद करताना आला.

ह्या क्रांतिकन्यांच्या मालकीचं वॉशिंग्टनमध्ये एक मोठं सभागृह आहे, कॉन्स्टिट्यूशन हॉल. नाव राज्यघटनेचं, आणि भाडेकरारात अट होती: फक्त गोरे कलाकार. १९३९ साली हॉवर्ड विद्यापीठानं मॅरियन अँडरसनच्या गाण्यासाठी ते मागितलं. जगभर नावाजलेली गायिका, पण काळी. नकार मिळाला. राष्ट्राध्यक्षाची बायको एलेनॉर रुझवेल्ट त्या संस्थेची सभासद होती, तिनं राजीनामा फेकला. मग ९ एप्रिल १९३९ ला मॅरियन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर उभी राहून गायली. समोर ७५,००० माणसं. सभागृह छोटं पडलं, साला! छप्पर नाकारलं तर आभाळ मिळालं.

१९७७ साली डेट्रॉइटची कॅरन बॅचलर ही ह्या संस्थेची ज्ञात असलेली पहिली काळी सभासद झाली. टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबा. तिचा पुरावा कुठून निघाला? विल्यम हूड नावाच्या गोऱ्या पूर्वजाकडून. पुढं वॉशिंग्टनच्या लीना फर्ग्युसननं अर्ज केला. तिचाही पुरावा गोऱ्याकडूनच, मेन राज्यातल्या जोना गे नावाच्या माणसाकडून. कागद चोख होते, तरी शहरातल्या शाखेत घेईनात. ती भांडली. १९८४ साली प्रकरण वर्तमानपत्रात आलं आणि संस्थेला वाकावं लागलं. २००६ साली हेन्री लुई गेट्स हा प्राध्यापक पुत्रांच्या संस्थेत गेला, तो मात्र काळ्या पूर्वजाच्या नावावर. जॉन रेडमन. पण हा रेडमन गुलाम नव्हता, स्वतंत्र काळा होता. स्वतंत्र होता म्हणून माणूस म्हणून कागदावर आला. म्हणजे दोनच वाटा. रक्तात कुठंतरी गोरा बाप, नाहीतर पूर्वज मोकळा. जो गुलाम म्हणून जगला आणि गुलाम म्हणून मेला, त्याच्या वारसानं काय दाखवायचं? पाठीवरचे वळ चार पिढ्या टिकत नाहीत.

आणि गोऱ्या बापाचं रक्त असलं तरी दार उघडतंच असं नाही. थॉमस जेफरसन घ्या. सगळी माणसं समान निर्माण झालीत, असं जाहीरनाम्यात लिहिणारा. त्याच्या मालकीत आयुष्यभरात ६०० च्या वर गुलाम होते. सॅली हेमिंग्ज त्यातलीच एक. तिची आणि तिच्या मुलांची नावं जेफरसनच्या शेतीच्या वहीत त्याच्याच हातानं लिहिलेली आहेत, मालमत्ता म्हणून. १९९८ साली डीएनएची चाचणी झाली, सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचा धागा जेफरसन घराण्याशी जुळला. २००० साली जेफरसनचं घर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठाननंही मान्य केलं, की सॅलीच्या मुलांचा बाप बहुधा तोच. पण जेफरसनच्या गोऱ्या वंशजांची एक संघटना आहे, तिच्या ताब्यात घराण्याचं कबरस्तान आहे. २००२ साली तिथं मतदान झालं. सॅलीच्या वंशजांना सभासद करून घ्यायचं काय? विरुद्ध ७४, बाजूनं ६. रक्ताचा पुरावा मागणाऱ्यांसमोर रक्त ठेवलं, तर म्हणाले, कागद कुठाय? बापानं पोरांची नावं लिहिली ती मालाच्या यादीत, आणि त्याचेच वारस विचारतात कागद कुठाय! च्यायला, ह्याला म्हणतात वारसा.

म्हणून मी म्हणतो, वंशावळ ही रक्ताची गोष्टच नाही. लेखणी कुणाच्या हातात होती, त्याची गोष्ट आहे. ज्याच्या हातात लेखणी त्याचा बाप पूर्वज झाला. बाकीच्यांचे बाप नुसते मेले.

मग त्या बायकांनी अर्ज करायचाच नव्हता काय? करायचा होता. आपल्यातला एखादा दीडशहाणा म्हणेल, प्रस्थापितांच्या पंगतीत बसायला गेल्या, सोडून द्या. मी असं म्हणणार नाही. बंद दारावर लाथ मारणाऱ्या बाईला मी घरात बसून नावं ठेवत नाही. पण तिनं मिळवलं काय ते नीट बघा. लीना फर्ग्युसनच्या भांडणातून नुसतं सभासदत्व आलं नाही. स्वातंत्र्ययुद्धातल्या काळ्या सैनिकांची नावं शोधून काढायचं संस्थेला कबूल करावं लागलं. ते काम होत होत २००८ साली जाडजूड ग्रंथ निघाला. काळे आणि आदिवासी मिळून ६,६०० च्या वर नावं. माझ्या लेखी खरी कमाई ती. छातीवरचा बिल्ला एकीचा, नावं ६,६०० जणांची. खुर्ची मिळाली तर एक माणूस बसतो. दप्तर उघडलं तर पिढ्या उठून उभ्या राहतात.

आता हे सगळं आपल्या पानावर कशाला? कारण पँथर हे नाव आपण त्यांच्याकडूनच घेतलं. १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. आपल्या पोरांनी ते नाव उचललं तेव्हा कुणी वंशावळ मागितली नाही. रक्ताचं नातं शून्य, तरी वारसा शंभर टक्के. आणि त्यांच्यातल्याच माल्कमनं आपलं आडनाव फेकून दिलं होतं, कारण ते आडनाव त्याच्या पूर्वजांच्या मालकाचं होतं. त्या जागी त्यानं लिहिलं एक्स. न सापडणाऱ्या नावाची फुली. वंशावळीला ह्याहून जळजळीत उत्तर मला माहीत नाही.

आपल्याकडंही कागद मागतातच. अनुसूचित जातीच्या दाखल्याला महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. माझा आजा शाळेत गेला नाही, त्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. पुरावा कुठला? एका कचेरीत मला विचारलं गेलं, आजोबांचं काहीच कसं नाही? ही उलटी सोसायटी आहे बघा. तिकडं मोठेपणाचा वंश सिद्ध करायचा, इकडं अपमानाचा. ज्यांनी आपल्याला गावाबाहेर आणि वहीबाहेर ठेवलं त्यांच्याच वहीतून दाखवायचं, की आम्हाला बाहेर ठेवलं होतं.

आणि आता बोलतो ते आपल्याच पोरांशी. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईतल्या माणसांची नावं आहेत, त्यातली २२ नावं ‘नाक’ लागलेली, आपल्या माणसांची. आपण तिथं जातो, जायलाच पाहिजे. ती नावं दगडावर आहेत म्हणून कुणी पुसू शकलं नाही. पण हल्ली मी ऐकतो, आम्ही लढवय्यांची औलाद, आमच्या रक्तात तलवार. थांबा. ज्याचा पणजा मेलेली ढोरं ओढत होता, त्याची औलाद कमी दर्जाची काय? ज्या बाईनं रस्ते झाडले तिच्या नातवानं आपल्या सभेत मागच्या रांगेत बसायचं काय? रक्तात तलवार म्हणणारा आणि रक्तात वेद म्हणणारा, दोघं एकाच दुकानातून माल घेतात.

पूर्वजांच्या चाकरीचा दाखला देऊनही आपण बघितलंय. सरकारनं महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. बापजाद्यांनी सैन्यात काय केलं ते मांडलं. त्या काळी तो विद्रोहच होता, त्या माणसांपुढं मी मान लववतो. पण बाबासाहेबांनी १९२७ साली काय केलं ते आठवा. १ जानेवारीला ते कोरेगावच्या स्तंभापाशी उभे राहिले. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. स्तंभापाशी हिंमत घेतली. तळ्यावर मात्र कुणी वंशावळ घेऊन गेलं नव्हतं. आम्ही अमक्याचे नातू म्हणून पाणी द्या, असं कुणी म्हटलं नाही. आम्ही माणसं आहोत, एवढाच दाखला. पाण्याला तो पुरला.

तेव्हा पोरांनो, कामाला लागा. शाळेचे दाखले, गिरण्यांची हजेरीपुस्तकं, गोदीतल्या टोळ्यांच्या याद्या, म्हाताऱ्यांच्या तोंडातली नावं, सापडेल ते उतरवून घ्या. आजीला विचारा, तिच्या आजीचं नाव काय होतं. आज विचारा, उद्या ती नसेल. पण ती वही सोसायटीच्या दारात दाखवायला नको. कुणाला आत घ्यायला नको आणि कुणाला बाहेर ठेवायला तर मुळीच नको. ज्याचं एकही नाव सापडणार नाही, त्याच्यासाठी वहीचं पहिलं पान कोरं ठेवा. आपल्यात यायला तेवढाच कागद लागेल.

जयभीम.